भुवयांचा होकार

"तिखट घालू का?" पेचलच्या गाडीवरच्या बाईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रोडोराला राग आला. दोनदा हो म्हणून झालं होतं. बाई मात्र शेंगदाण्याच्या चटणीत पळी बुडवून, मान वर करून, तिच्या तोंडाकडे बघत तशीच उभी. पानातली उकडलेली भाजी निवत चालली होती, मागे दोघंतिघं खोळंबले होते, आणि या बाईला साधं हो समजत नव्हतं. रोडोराने पुन्हा एकदा हो म्हटलं. शेजारी उभा असलेला गालिह फिसकन हसला. "अगं, तोंडाने बोल की," तो म्हणाला. "नुसत्या भुवया काय उडवतेस? तिला वाटतंय तू तिच्यावर वैतागलीयस." मग बाईकडे वळून तो त्यांच्या जाव्हानीज भाषेत काहीतरी मऊ आवाजात बोलला, बाई हसली, पळीभर चटणी भाजीवर पडली, आणि मागच्या माणसाचा नंबर लागला. म्हटलं तर एवढंच झालं. पण हातात पान घेऊन प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसताना रोडोरा तेच पुन्हा मनात चाळत होती. भुवया उडवल्या की इथे हो होत नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपण तसं करतो हे तरी तिला कुठे माहीत होतं? श्वास घेताना आपण श्वास घेतोय असं कुणाला वाटतं? पहिला घास तिने तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला, कारण तिला शाळेतली बारकी वेनिंग आठवली.

रोडोरा सुमागायसाय ही बुजणाऱ्यातली मुलगी नव्हे. समुद्रापलीकडच्या देशातल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या गावातून ती शिक्षक-महाविद्यालयात गेली, आणि तिथे दुसऱ्या वर्षापासून तिचे नमुना पाठ बघायला खालच्या वर्गातल्या मुली भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कार्डबोर्ड, कात्री आणि चिकटपट्टी एवढं हाताशी असलं की ही मुलगी चाळीस पोरं मुठीत ठेवते, असं तिच्या प्राध्यापिका उघड म्हणायच्या, आणि ते खोटं आहे असं तिलाही कधी वाटलं नाही. एका सत्राच्या अदलाबदलीवर जाव्हातल्या या सालातिगा गावी यायला निवड झाली तेव्हा मैत्रिणींनी अभिनंदन केलं, आश्चर्य कुणीच केलं नाही. अर्धं सत्र इथल्या कॉलेजात तास ऐकण्यात गेलं. उरलेलं अर्धं वरच्या आळीतल्या प्राथमिक शाळेत काढायचं होतं, सोमवारपासून, एक वर्ग स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन. त्याच्या तयारीसाठी ती आणि गालिह आठवडाभर त्या शाळेत जात होते, पाठ बघत होते, एकेक पाठ घेऊन दाखवत होते. गालिह याच गावचा, याच कॉलेजातला, तिचा जोडीदार म्हणून नेमलेला. त्याला चौथी मिळणार आणि तिला तिसरी, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तिसरी तिला मनापासून हवी होती. त्या वयाची मुलं अजून विचारतात. पुढे पुढे ती विचारायचं सोडून देतात, हा तिचा अनुभव होता. आणि मग कालच्या गुरुवारी मुख्य मार्गदर्शक बू निंग, म्हणजे निंगबाई, तिला व्हरांड्यात घेऊन गेल्या, तिच्या दंडाला हलकाच हात लावला आणि म्हणाल्या, "रोडोरा, तुमच्यासारख्या हुशार मुलीला तिसरीत अडकवून ठेवणं मला बरं वाटत नाही. सहावी घ्याल का? मोठी मुलं आहेत, समजूतदार. तुमचा कस लागेल."

तिसरी गेल्याचं थोडं वाईट वाटलं होतं, पण त्याहून ती फुलून गेली होती, खोटं कशाला बोला. आजवर इथे आलेल्या एकाही परक्या विद्यार्थ्याला सहावी मिळाली नव्हती, हे गालिहनेच तर सांगितलं होतं. हां, सांगताना तो बुटाच्या नाडीकडे बघत होता, पण तेव्हा तिला वाटलं होतं, हेवा वाटला असेल बिचाऱ्याला. तिने तडक आईला फोन लावला. नानय बाजारात माशांच्या टोपल्यांपुढे बसली होती. "सहावी?" नानय ओरडली, "अगं इंदाय, तिथे जाऊन दोन-अडीच महिने झाले नाहीत आणि सहावी?" आणि फोन कानाला तसाच धरून तिने शेजारच्या कोलंबीवालीला सांगितलं, कोलंबीवालीने समोरच्या खाटकाला सांगितलं, आणि रोडोराने इकडे व्हरांड्यात उभं राहून अख्ख्या बाजाराचं कौतुक ऐकलं होतं. आता स्टुलावर बसल्या बसल्या तिचे कान तापले. दंडावरचा तो हलका हात तिला पुन्हा जाणवला. शाबासकीचा हात असा नसतो. आजारी माणसाला पायऱ्या उतरवताना धरतात, तसा तो हात होता.

मंगळवारी तिने तिसरीला अपूर्णांक शिकवले होते. बिबिंका म्हणजे तिच्या गावाकडचा गोल तांदळाचा केक, तो तिने कार्डबोर्डचा केला होता, केळीच्या पानासकट, आणि त्याचे आठ तुकडे फळ्यावर लावत होती. दोन्ही हातांत तुकडे, ओठांत चिकटपट्टीच्या कापलेल्या पट्ट्या. मागच्या बाकावर बू निंग वही मांडीवर घेऊन बसलेल्या. पाठ झकास चालला होता, पोरं पुढे सरकून सरकून बाकाच्या कडेवर आली होती, आणि ऐन त्या वेळी दोन वेण्यांची ती बारकी मुलगी टेबलापाशी आली. वेनिंग. फार हळू आवाजात म्हणाली, "मिस, मागे जाऊन येऊ का?" मागे म्हणजे शाळेच्या मागच्या मोरीकडे, एवढं तर रोडोराला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तिने हो म्हटलं. दोन्ही भुवया चांगल्या वर नेल्या, डोळ्यांनी हसलीसुद्धा. मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने मान खाली घातली आणि वळली. जा बाळ, असं मनात म्हणून रोडोरा पुन्हा फळ्याकडे वळली. ती गेली की नाही ते तिने पाहिलंच नाही. पाव बिबिंका आणि अर्धी बिबिंका मिळून किती, यावर वर्ग कल्ला करत असताना खिडकीकडच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं, "पूर! पूर आला!" मग बाक सरकले, पोरं पाय वर घेऊन बसली, हसण्याचा एक लोट उठला, आणि त्याच्या मधोमध वेनिंग हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली होती, जणू ती हलली नाही तर काही झालंच नाही असं ठरेल. बू निंग केव्हा उठल्या, केव्हा तिला शाल गुंडाळून बाहेर नेली, फरशी कुणी पुसली, काही कळलं नाही. पाच मिनिटांत सगळं कसं नीटनेटकं झालं. रोडोराने टाळ्या वाजवून वर्ग परत ताब्यात घेतला आणि पाठ पुरा केला. वसतिगृहावर परतताना तिने स्वतःची पाठही थोपटली होती, की एवढा गोंधळ होऊन आपण घडी मोडू दिली नाही. पोरींना वेळेवर सांगता येत नाही, असंही ती गालिहला म्हणाली होती. हे आठवल्यावर तिने पान खाली ठेवलं.

"गालिह, मंगळवारी त्या वेनिंगने मला विचारलं होतं."

गालिह खाता खाता थांबला नाही. "कोण वेनिंग?"

"सोंग नको करूस. तिने विचारलं, आणि मी हो म्हटलं. असं." तिने भुवया उडवून दाखवल्या. "हे बघून तुमच्या पोरीला काय वाटेल?"

त्याने चमचा पानाच्या कडेला टेकवला. "वाटेल की बाई रागावल्या. भलत्या वेळी विचारलं म्हणून डोळे मोठे केले."

"मग तिने परत का नाही विचारलं?"

"मोठ्या माणसाने एकदा नाही म्हटल्यावर परत?" त्याला खरंच नवल वाटलं. "पाहुण्या बाईंना? मी नसतं विचारलं, रोडोरा. मी आजही नाही विचारणार."

गाडीवर तळणाचा नवा घाणा पडला. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं. "सहावी मला म्हणून दिली का? मोठी मुलं आहेत, विचारत नाहीत, आपली आपण जाऊन येतात म्हणून?" गालिहने पाण्याचा ग्लास उचलला, प्यायला नाही. "तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "भुवयांचं नव्हे. कुणाला वाटलं तू कडक आहेस, कुणाला वाटलं तुला भाषा कळली नाही. बू निंगनी विषय वाढू दिला नाही. तुझा मान राहावा म्हणून."

"मान? अरे, हा कसला मान? आमच्याकडे असतं ना, तर बायकांनी मला भर बाजारात उभी करून सुनावलं असतं. दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी सुधारले असते. तुम्ही लोक गोड बोलून माणसाला अंधारात ठेवता आणि वर त्याला दिवा लावून देतो असं दाखवता."

"अगं, हळू."

"का हळू?"

"बरं, नको हळू," गालिह म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर हसू आणि ओशाळेपण दोन्ही एकदम आलं. "पण ऐक माझं. झालं ते झालं. पोरं विसरतात. तू सहावी घे, झकास शिकव, प्रमाणपत्रावर सहावीच लिहून येईल. आता जाऊन उकरून काढलंस तर त्यांना ते कागदावर मांडावं लागेल. मग सहावी नाही, तिसरीही नाही, तुला नुसतं मागे बसून बघायला लावतील. एवढी आलीस ती बाक झिजवायला आलीस का?"

चढाची वाट धरून ती एकटीच वसतिगृहाकडे निघाली. हवेला गारवा होता, मेरबाबूचा डोंगर ढगात गेलेला, आणि चालता चालता ती आपल्या कपाळाला बोटांनी चाचपून बघत होती. दोन भुवया. जाडसर, मध्ये जवळजवळ जुळलेल्या, बापासारख्या, तातयसारख्या. तातयची होडी डिझेलच्या इंजिनावर चालायची, आणि त्या धडधडीत बोलायचं म्हणजे घसा फोडून घेणं. म्हणून होडीत सगळं कपाळावर चालायचं. वळू का? भुवया. जाळं ओढू का? भुवया. किनाऱ्यावर आल्यावरही त्याचं बोलणं तिथेच राहिलं. नानय चिडायची, देवाने या माणसाला जीभ मासे चाखायलाच दिली म्हणायची, पण तीही गिऱ्हाइकाला ओठांचा चंबू करून टोपली दाखवायची आणि भाव पटला की भुवयांनीच सौदा पक्का करायची. बारावीनंतर रोडोराने तातयला विचारलं होतं, मी मास्तरीण होऊ का म्हणून. तो फाटलं जाळं विणत बसला होता, विणायची सुई दातांत धरलेली. त्याने वर पाहिलं, आणि भुवया अशा गेल्या वर की कपाळावर तीन आठ्या पडल्या. ती किंचाळत नानयकडे पळाली होती. दुसऱ्यांदा विचारायची गरजच नव्हती. तिच्या उभ्या आयुष्यात तिला मिळालेला सगळ्यात मोठा हो बिनआवाजाचा होता. तोच हो तिने वेनिंगला दिला होता, जसाच्या तसा, आणि त्या पोरीच्या हातात पोचेपर्यंत त्याचा नाही झाला. याला ती काय करणार? तिचा काय दोष? दोष नव्हता. हे तिने स्वतःला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ते खरंच होतं, आणि तरी त्याने काही भागलं नाही. कारण दोष कुणाचाही असो, पूर म्हणून हाक वेनिंगलाच मारत होते. बुधवारी मधल्या सुट्टीत तिने ते ऐकलं होतं. ऐकून हसलीसुद्धा होती, पोरांच्या डोक्यात काय काय येतं म्हणून.

सहावी चांगली होती. खोलीवर आल्यावर तिने सहावीच्या पाठांचं टाचण काढलं आणि ते खरोखरच चांगलं होतं. कोन, परीघ, नकाशे. नानयच्या बाजारात ती आता सहावीची बाई होती आणि परत जाईल तेव्हा तसंच सांगितलं जाईल. गालिह म्हणतो ते मूर्खपणाचं नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही, अशी सगळी मांडणी बू निंगनी करून ठेवली होती, एका माणसाला सोडून, आणि ते माणूस पहिल्या बाकाची उंचीही गाठत नव्हतं. रोडोराला त्या मांडणीचा संताप आला, आणि त्याहून जास्त संताप तिला स्वतःच्या खुशीचा आला. कसं फसलो आपण? एवढ्या स्वस्तात? कुणीतरी हुशार म्हटलं आणि आपण व्हरांड्यातून फोन लावत सुटलो. मग हळूहळू तिच्या डोक्यातली ही गरगर ओसरली आणि खाली एक साधीच गोष्ट उरली. ती चांगली शिक्षिका होती. हे तिला आजही तितकंच पक्कं वाटत होतं. आणि चांगल्या शिक्षिकेला वर्गात काय चुकलं ते कळलं, की ते वर्गातच दुरुस्त करायचं असतं. स्टाफरूममध्ये नाही, व्हरांड्यात नाही, आणि सहावीत तर नाहीच नाही. तिने टाचण पिशवीत घातलं आणि गाढ झोपली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि सगळी पोरं बालवीराच्या तपकिरी कपड्यांत येतात. बू निंग स्टाफरूममध्ये एकट्याच चहा गाळत होत्या. "या, या, आज लवकर?" त्यांनी दुसरा पेला पुढे केला. रोडोराने तो घेतला आणि उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मोडकंतोडकं इंडोनेशियन, अडेल तिथे इंग्रजी. भुवयांचं सांगितलं, चिकटपट्टीचं सांगितलं. मग म्हणाली, "सहावी नको मला. मला तिसरीच द्या."

"बसा तरी," बू निंग म्हणाल्या. "साखर हवी का आणखी?"

"नको, बू. तिसरी हवी."

बू निंगनी साखरेचा डबा मिटला. इतक्या सरळ बोलण्याला कुठून हात घालावा ते त्यांना उमगत नसावं. "मी मागे बसले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "ती तुमच्यापाशी आलेली मी पाहिली, परत फिरलेली पाहिली. तुमचा चेहरा मला दिसत नव्हता. बाहेर नेल्यावर मी तिला विचारलं, तू मिसना विचारलंस ना? तर म्हणाली, नाही, विसरले." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आठ वर्षांची आहे. तुम्हाला वाचवायला बघत होती. मग मी मोठी बाई असून काय बोलणार?"

रोडोराला वाटलं होतं आपण रडणार नाही. डोळे भरले ते तिने पुसले नाहीत, तसेच राहू दिले. "म्हणूनच मला ती द्या," ती म्हणाली.

"मी देऊ?" बू निंगनी मान हलवली. "मला काय विचारता? बिघडलंय ते त्या वर्गात. त्यांना विचारा. तिला विचारा. ती नको म्हणाली तर मात्र सोमवारी सहावीत जायचं, निमूट."

तिसरीचा वर्ग तिला बघून उभा राहिला, नमस्कार झाला, बसला. वेनिंग दाराजवळच्या बाकावर होती, एकटी. शेजारची जागा मोकळी ठेवली होती आणि ती कुणी ठेवली हे वेगळं सांगायला नको. रोडोराने फळ्यावर काही लिहिलं नाही, पिशवीही उघडली नाही. "मंगळवारी वेनिंगने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "नीट विचारलं. वेळेवर विचारलं. मी हो म्हटलं. पण माझ्या गावी हो असं म्हणतात." आणि तिने म्हणून दाखवलं. दोघंतिघं खुसखुसली. "तिला ते कळलं नाही, कारण ती तुमच्या गावची आहे. आणि तिला कळलं नाही हे मला कळलं नाही, कारण मी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं. मी बाई आहे. तेव्हा तो पूर वेनिंगचा नव्हता, माझा होता. ज्याला चिडवायचंय त्याने मला चिडवायचं." पूर म्हणून आधी ओरडणारा खिडकीकडचा मुलगा पाटीसारखा कोरा चेहरा करून छताकडे बघायला लागला. रोडोरा दाराजवळच्या बाकापाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली. "सोमवारपासून मी या वर्गावर येऊ का?"

वेनिंगने आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती विचार करत होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. रोडोराने आयुष्यात किती पाठ घेतले होते, कितीकांनी तिला गुण दिले होते, पण इतका वेळ कुणी तिला असं निरखलं नव्हतं. तिचे गुडघे दुखायला लागले. मग मुलगी म्हणाली, "आणि आता लागली तर कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही. उठायचं आणि जायचं."

"भुवया नाहीत?"

"काही नाही."

वेनिंग उठली आणि गेली. सरळ दारातून बाहेर, व्हरांड्यातून, अंगणातून. सगळा वर्ग खिडक्यांना चिकटला. ती मोरीत शिरलीच नाही. नळापाशी उभी राहिली, नळ सोडला, बंद केला, जरा इकडेतिकडे पाहिलं आणि सावकाश परत आली. "नव्हती लागली," ती बाकावर बसत म्हणाली. "जाता येतं का ते बघून आले." आणि मग, रोडोराने तोंड उघडायच्या आत, खिडकीकडचा तो मुलगा उठून चालायला लागला. कुणाला न विचारता. त्याच्यामागे दोन मुली हातात हात घालून. मग एक अख्खी रांग, मग दुसरी. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही, सगळी कशी हक्काने गेली, आणि थोड्या वेळात तिसरीच्या वर्गात रोडोरा आणि वेनिंग दोघीच राहिल्या. वेनिंग हसत होती, हाताने तोंड झाकून.

दारात बू निंग उभ्या होत्या, चहाचा पेला अजून हातात. नळाभोवती चाललेला धिंगाणा त्यांनी बराच वेळ बघितला. तपकिरी कपडे भिजायला सुरुवात झाली होती.

"बू, मी... हे असं..." रोडोरा म्हणाली.

"मला काय सांगता?" बू निंग बाजूला होऊन तिला वाट देत म्हणाल्या. "तुमचा वर्ग बाहेर आहे. आणा गोळा करून."